गाभण शेळी, रक्ताचा थेंब आणि विजेचा हिशोब

भूम तालुक्यातील एका गावी शेळीपालक महिलांचा मेळावा होता. विषय होता उन्हाळी चारा नियोजन. व्याख्यान संपल्यावर एक ताई पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी रक्तातील साखर तपासण्याचे लहानसे यंत्र काढले आणि विचारले, "सर, हे सासूबाईंचं साखर बघायचं यंत्र शेळीला चालतंय का? मागच्या उन्हाळ्यात माझी शेळी दोन करडं पोटात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तात बिघाड झाला होता, आठ दिवस आधी कळलं असतं तर वाचली असती."

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, पशुवैद्यक नव्हे. त्यामुळे त्या दिवशी ताईंना अर्धेच उत्तर देता आले. पशुवैद्यक सहकाऱ्यांशी चर्चा करून उरलेले उत्तर या लेखात दिले आहे. हे यंत्र आज खेड्यापाड्यांतील अनेक घरांत आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रातही आहे. तसेच यंत्र, परंतु वेगळी पट्टी वापरून, गाभण शेळीचा आणि व्यालेल्या गाईचा जीव वाचवू शकते. मात्र ते काय मोजते आणि कोठे फसवते हे माहीत असल्याखेरीज त्यावरील आकड्याचा उपयोग होत नाही. कित्येकदा तोटाही होतो.

माती परीक्षणाशी नाते

माती परीक्षण प्रयोगशाळेत आपण सामू आणि विद्युत वाहकता या दोन गोष्टी तपासून घेतो. सामू मोजताना मातीच्या द्रावणात काचेची एक कांडी बुडवितात. द्रावणातील आम्लतेप्रमाणे त्या कांडीवर अत्यंत सूक्ष्म विद्युत दाब निर्माण होतो व यंत्र तो आकड्यात दाखविते. म्हणजे रासायनिक गुणधर्माचे विजेत रूपांतर करून मोजमाप करण्याची पद्धत शेतकऱ्यांना नवीन नाही.

या यंत्राचा जन्मही शेतमालाच्या गरजेतून झाला. सन १९३४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळ बागायतदारांच्या संस्थेत काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाचा आंबटपणा अचूक मोजता येत नव्हता. ही अडचण त्यांनी आर्नोल्ड बेकमन यांच्यापुढे मांडली. काचेच्या कांडीतून मिळणारा विजेचा क्षीण संकेत वाढवून दाखविणारे यंत्र बेकमन यांनी तयार केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत दिसणाऱ्या सामूमापकाची ही सुरुवात होय.

रक्त, दूध, मूत्र यांसारख्या शरीरातील द्रवांत साखर, कीटोन, युरिया असे लहान रेणू विरघळलेले असतात. त्यांचे प्रमाण विजेच्या साहाय्याने मोजणाऱ्या साधनास विद्युत-रासायनिक संवेदक म्हणतात. सामूमापक आणि साखरेचे यंत्र यांत एक फरक आहे. विहिरीतील पाण्याची पातळी मोजणे वेगळे आणि पाइपातून पडणारी धार मोजणे वेगळे. सामूमापक विजेची पातळी, म्हणजे दाब मोजतो. साखरेचे यंत्र विजेची धार, म्हणजे प्रवाह मोजते.

थेंबात नेमके काय घडते?

साखरेच्या यंत्राची पट्टी साधी प्लास्टिकची दिसते. तिच्या टोकाशी केसासारखी बारीक फट असते व ती रक्ताचा थेंब आपोआप आत ओढून घेते. त्यासाठी साधारणपणे एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाइतके रक्त पुरते. आत कार्बनचा किंवा धातूचा पातळ थर दिलेले दोन किंवा अधिक विद्युतअग्र असतात आणि त्यांवर विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा लेप असतो.

विकर हा या साधनाचा आत्मा आहे. रक्तात शेकडो प्रकारचे रेणू असतात. त्यांतून फक्त साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा रेणू ओळखून काढण्याचे काम विकर करतो. कुलपाला जशी ठरावीक किल्लीच लागते, तसा हा प्रकार आहे. अनेक पट्ट्यांत वापरला जाणारा ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ हा विकर ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवितात. साठवणीतील कांद्यावर काजळीसारखी काळी भुकटी धरते, ती हीच बुरशी. चाळीत कांद्याचे नुकसान करणारी बुरशी प्रयोगशाळेत असे उपयोगी काम करते.

हा विकर ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो. पट्टीवरील दुसरे एक रसायन हे इलेक्ट्रॉन उचलून विद्युतअग्रापर्यंत पोहोचविते. कारखान्याच्या काट्यावर उसाची वाहने रांगेने मोजली जावीत, तसे हे इलेक्ट्रॉन तेथे उतरतात आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. साखर जास्त तर इलेक्ट्रॉन जास्त आणि इलेक्ट्रॉन जास्त तर प्रवाह जास्त. पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा पंप सुमारे साडेसात-आठ अँपियर वीज घेतो. पट्टीतील प्रवाह मायक्रोअँपियरमध्ये, म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागात मोजावा लागतो. यंत्र तो काही सेकंदांत मोजते आणि आधी भरून ठेवलेल्या सूत्रानुसार साखरेचा आकडा दाखविते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. यंत्र साखर पाहत नाही. ते इलेक्ट्रॉन मोजते आणि त्यावरून साखरेचा अंदाज सांगते. इलेक्ट्रॉनच्या वाटेत जे काही आडवे येईल, ते आकडा बिघडविते.

या साधनामागे मोठे संशोधन आहे. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी सन १९५६ मध्ये रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या विद्युतअग्राची माहिती प्रसिद्ध केली. विद्युतअग्रावर विकर बसवून साखर मोजता येईल ही कल्पना त्यांनी व चॅम्प लायन्स यांनी सन १९६२ मध्ये मांडली. सन १९७५ मध्ये या तत्त्वावरील साखरमापक बाजारात आला, परंतु तो प्रयोगशाळेत वापरण्याजोगा होता. सन १९८४ मध्ये इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड व ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन वाहून नेणारे लोहयुक्त रसायन वापरून नवीन विद्युतअग्र तयार केला. त्यातून सन १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे यंत्र आले आणि साखर घरी तपासणे शक्य झाले.

गाभण शेळीच्या रक्तात काय बिघडते?

उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याची जगाला ओळख. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले तरी जातीचे नाव उस्मानाबादी असेच चालते. काळा रंग, काटकपणा आणि जुळी करडे देण्याचा गुण यांमुळे ही जात लोकप्रिय आहे. परंतु जुळे हा फायदा जसा आहे, तसे ते शेळीवरील ओझेही आहे.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पोटातील करडांच्या वजनवाढीचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. या काळात करडांना साखरेची मोठी गरज असते. नेमक्या याच काळात वाढत्या गर्भाशयामुळे पोटात चाऱ्याला जागा कमी उरते आणि शेळीचे खाणे घटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळलेल्या शेळ्या मार्च-एप्रिलमध्ये वितात. म्हणजे त्यांचे शेवटचे सहा आठवडे रानातील हिरवा पाला संपण्याच्या दिवसांत येतात. त्यावेळी दावणीत फक्त सोयाबीनचे भुस्कट किंवा वाळलेला कडबा असेल तर गरज आणि पुरवठा यांचा मेळ बसत नाही.

अशा वेळी शेळी अंगावरील चरबी वापरू लागते. चरबी नीट जळण्यासाठी शरीरात साखरेची जोड लागते. ओले लाकूड चुलीत घातल्यास ते धुपत राहते व धूर घरभर होतो. साखर कमी असताना चरबीचेही तसेच होते आणि त्या धुराप्रमाणे रक्तात कीटोन नावाची द्रव्ये साठतात. त्यांतील प्रमुख बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे होय. या विकाराला पशुवैद्यक ‘प्रेग्नन्सी टॉक्सिमिया’ म्हणतात. बाहेरून कोणतेही विष पोटात गेलेले नसते. शरीरातच तयार झालेली आम्लधर्मी द्रव्ये साठून रक्त बिघडते.

लक्षणे हळूहळू दिसतात. शेळी कळपाच्या मागे राहते. प्रथम खुराक सोडते, नंतर चारा. ती सुस्त होते, दात खाते, काही वेळा पाय सुजतात. पुढे दिसत नसल्यासारखी ठेचकाळते, मान एका बाजूला किंवा मागे टाकते आणि खाली बसते ती उठत नाही. श्वासाला गोडसर उग्र वास येऊ शकतो. शेळी बसल्यावर उपचार केले तरी यश कमी मिळते. म्हणून लक्षणे दिसण्यापूर्वीचे आठ-दहा दिवस मोलाचे असतात. डोळ्यांना न दिसणारा बदल याच दिवसांत रक्तात सुरू झालेला असतो.

साखर तपासावी की कीटोन?

साखर कमी पडल्याने हा विकार होतो, तर शेळीची साखरच तपासावी, असे कोणासही वाटेल. ताईंचाही तोच विचार होता. परंतु येथेच फसगत होते. या विकारात रक्तातील साखर बहुधा कमी असते हे खरे, पण काही शेळ्यांत ती जवळजवळ नेहमीइतकीच आढळते. पोटातील करडे मृत झाली तर त्यांना जाणारी साखर आईच्या रक्तात राहते आणि आजाराच्या शेवटच्या टप्प्यात आकडा चक्क वाढलेला दिसतो. म्हणजे शेळी मरणाच्या दारात असताना यंत्र सर्व काही ठीक असल्याचे सांगू शकते.

कीटोनचे तसे नाही. ऊर्जेची तूट जसजशी वाढते तसतसे कीटोनचे प्रमाण वाढते. म्हणून मोजावयाचा रेणू कीटोन हा होय. त्यासाठी वेगळी पट्टी मिळते. तिच्यावर ग्लुकोजऐवजी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ओळखणारा विकर असतो, बाकी इलेक्ट्रॉन मोजण्याचे तत्त्व तेच. काही यंत्रांत साखरेची व कीटोनची अशा दोन्ही पट्ट्या चालतात, परंतु बहुतेक साध्या यंत्रांत फक्त साखरेचीच चालते. साखरेच्या पट्टीने कीटोन कधीही मोजता येत नाही. माणसासाठी तयार झालेल्या कीटोन यंत्रांची गाई, मेंढ्या व दुभत्या शेळ्यांवर पडताळणी झालेली आहे आणि कीटोनच्या बाबतीत ती उपयुक्त ठरली आहेत.

कीटोनचा आकडा मिलिमोल प्रति लिटर या एककात येतो. हे वजनाचे नव्हे, रेणूंच्या संख्येचे माप आहे. आपण हेक्टरी बियाणे किलोत मोजतो आणि हेक्टरी रोपे संख्येत मोजतो, तसाच हा फरक समजावा. शेळ्या-मेंढ्यांसाठी सर्वसाधारणपणे पुढील मर्यादा वापरतात.

१) ०.८ पेक्षा कमी : ऊर्जेचा पुरवठा ठीक आहे. चालू आहार सुरू ठेवावा.

२) ०.८ ते १.६ : पुरवठा कमी पडत आहे. खुराक व चाऱ्याची प्रत त्वरित सुधारावी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासावे.

३) १.६ ते ३.० : धोका वाढला आहे. शेळी वरून चांगली दिसत असली तरी पशुवैद्यकास दाखवावी.

४) ३.० किंवा अधिक : तातडीच्या उपचारांची गरज आहे.

भूम, वाशी, कळंब, परंडा या खव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पट्ट्यातील दूध उत्पादकांनी गाईंसाठी १.२ हा आकडा लक्षात ठेवावा. गाय व्याल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत कीटोन १.२ किंवा अधिक असल्यास वरून न दिसणारा किटोसिस समजतात. अशी गाय आजारी दिसत नाही, पण तिचे दूध घटते आणि इतर आजारांची शक्यता वाढते.

माणसाचे यंत्र शेळीला का वापरू नये?

कीटोनची पट्टी बाजूला ठेवली आणि फक्त साखर पाहावयाची म्हटले, तरी माणसाच्या यंत्राचा आकडा शेळीला जसाच्या तसा लागू होत नाही. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे रक्ताचा घट्टपणा. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा माणसात साधारण ३६ ते ५० टक्के, तर निरोगी शेळीत २२ ते ३८ टक्के असतो. यंत्रातील सूत्र माणसाच्या रक्तावर बेतलेले असते. दुसरे कारण म्हणजे तांबड्या पेशींत आणि भोवतालच्या द्रवात साखर कशी वाटली गेली आहे, हे प्रमाण प्राण्यागणिक बदलते. निरोगी शेळीची साखर साधारण ५० ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. माणसात हाच आकडा ७० च्या खाली गेला तर तो कमी समजतात. माणसाचा मापदंड लावला तर चांगल्या शेळीवर विनाकारण उपचार सुरू होतील.

याहून महत्त्वाची बाब आरोग्याची आहे. घरातील माणसांची बोटे टोचण्याचे साधन किंवा सुई जनावरासाठी वापरू नये आणि जनावराची सुई माणसासाठी मुळीच वापरू नये. ब्रुसेलोसिससारखे रोग शेळ्यांपासून माणसांना होतात. प्रत्येक शेळीसाठी नवीन निर्जंतुक सुई घ्यावी, हातमोजे वापरावेत आणि वापरलेल्या सुया जाड डब्यात बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्याव्यात. उकिरड्यावर टाकू नयेत.

रक्ताचा थेंब शेळीच्या कानाच्या शिरेतून घेता येतो किंवा पशुवैद्यक मानेच्या शिरेतून घेतात. पहिल्या वेळी ही कृती पशुवैद्यकाकडून शिकून घ्यावी. गाभण शेळीची धरपकड करू नये.

आकडा कोठे फसवितो?

पुढील मुद्दे माणसाच्या व जनावराच्या अशा दोन्ही तपासण्यांना लागू आहेत. देशात मधुमेह वेगाने वाढत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा भाग शेतकरी कुटुंबांनी घरासाठीही वाचावा.

१) बोटांवरील गोड : आमच्या घरी वडिलांना मधुमेह आहे. एके दिवशी गूळ फोडून झाल्यावर त्यांनी हात नुसते धोतराला पुसून साखर तपासली. आकडा पाहून घरात धावपळ उडाली. साबणाने हात धुऊन व कोरडे करून पुन्हा तपासणी केली, तेव्हा साखर नेहमीप्रमाणेच निघाली. एक मायक्रोलिटर रक्तात गुळाचा अंशही आकडा फिरवितो. पहिल्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढविले असते तर साखर एकदम उतरून जिवावर बेतले असते. द्राक्षे, आंबा, ऊस हाताळल्यावरही हीच काळजी घ्यावी. शेळीच्या कानावर खुराकाची धूळ असल्यास ती जागा आधी स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी.

२) उष्णता व दमट हवा : पट्टीवरील विकर हा प्रथिनाचा बनलेला असतो. उष्णतेने तो निकामी होतो. बहुतेक पट्ट्या ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ठेवावयाच्या असतात. धाराशिवच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात, मोटारसायकलच्या डिकीत किंवा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या पट्ट्या विश्वासार्ह राहत नाहीत. डब्याच्या वेष्टनावरील तापमान वाचावे व डबा घरातील सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवावा. झाकण घट्ट लावावे. यंत्रालाही काम करण्यासाठी तापमानाची मर्यादा असते. म्हणून उन्हाळ्यात तपासणी सकाळी लवकर करावी.

३) पातळ रक्त : रक्तात तांबड्या पेशी कमी असतील तर साखरेचा आकडा साधारणपणे खऱ्यापेक्षा जास्त येतो. रक्त आटून घट्ट झाले असेल तर कमी येतो. अंगात रक्त कमी असलेल्या महिलांनी ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी. शेळ्यांत पोटातील रक्त पिणाऱ्या जंतांमुळे हाच प्रकार होतो. पापणीच्या आतील भाग पांढरट दिसत असेल तर यंत्रावरील आकडा जपून वाचावा आणि जंतांचा इलाज पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा.

४) इतर द्रव्ये : विद्युतअग्रावर इलेक्ट्रॉन देणारी अन्य द्रव्येही रक्तात असू शकतात. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा काही पट्ट्यांचा आकडा चुकविते. रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत ते तपासणाऱ्यास सांगावे.

५) मुदत व मूळ चूक : मुदत संपलेली पट्टी वापरू नये. शिवाय नवीन व चांगल्या यंत्राचाही आकडा तंतोतंत नसतो. सन २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा अधिक असताना १०० पैकी ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के मागेपुढे असले तरी यंत्र उत्तीर्ण समजतात. म्हणजे खरी साखर १२० असताना यंत्राने १०२ ते १३८ मधील काहीही दाखविले तरी ते मानकात बसते. त्यामुळे एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये. चार दिवसांच्या आकड्यांचा कल पाहावा. आकडा आणि जनावराची वा माणसाची स्थिती जुळत नसेल तर पुन्हा तपासणी करून तज्ज्ञांना विचारावे.

दुधातही तेच तत्त्व

कासदाह झालेल्या सडाच्या दुधात सोडियम व क्लोराइड वाढतात. त्यामुळे क्षारयुक्त जमिनीच्या द्रावणाप्रमाणे त्या दुधाची विद्युत वाहकता वाढते. मोठ्या गोठ्यांतील दूध काढण्याच्या यंत्रांत यासाठी संवेदक बसविलेले असतात. दुधातील व रक्तातील युरिया मोजण्यासाठी युरिएज हा विकर वापरतात. आपण शेतात टाकलेल्या युरियाचे विघटन जमिनीत हाच विकर करतो आणि कच्च्या सोयाबीनमध्येही तो असतो. रेणू बदलला की विकर बदलावा लागतो, बाकीची रचना तीच राहते.

यंत्राआधी दावण

कीटोन वाढल्याचे यंत्र सांगेल, पण कमी करण्याचे काम दावणीतच करावे लागते. तेथे कृषिविद्या व पशुसंवर्धन एकत्र येतात.

विण्यापूर्वी सहा आठवड्यांपासून शेळीला खुराक सुरू करावा. रोज १०० ग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू २५० ते ३०० ग्रॅमपर्यंत न्यावा आणि तो दोन वेळांत विभागून द्यावा. मका किंवा ज्वारीचा भरडा, पेंड, गव्हाचा कोंडा, क्षार मिश्रण व मीठ यांचे मिश्रण चालते. एकदम जास्त धान्य दिल्यास आम्लता होऊन शेळी दगावू शकते. पोटात जागा कमी असल्याने चारा थोडा पण सकस असावा. लसूणघास, दशरथ घास, शेवरी, तूर व हरभऱ्याचे भुस्कट यांचा समावेश करावा. यासाठी रब्बीतच बांधाला किंवा विहिरीजवळच्या दोन-चार गुंठ्यांत हिरव्या चाऱ्याची सोय करावी. फार लठ्ठ आणि फार रोड अशा दोन्ही शेळ्यांना या विकाराचा धोका असतो. त्यामुळे पाठीच्या कण्यावर हात फिरवून अंगस्थिती नियमित पाहावी. शेळीला रोज थोडे चालवावे. शेवटच्या महिन्यात लांबचा प्रवास, उपासमार व बाजाराची दगदग टाळावी.

सुस्त शेळीला गुळाचे पाणी पाजण्याची पद्धत आहे. त्याचा लाभ कमी होतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात गूळ बहुतांशी आंबून जातो. पशुवैद्यक यासाठी यकृतात साखरेत रूपांतर होणारे प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात किंवा शिरेतून ग्लुकोज देतात. मात्रा त्यांनीच ठरवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

कीटोनची पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा महाग पडते. दोन-चार शेळ्यांसाठी प्रत्येकीने यंत्र घेण्याची गरज नाही. गावातील बचत गटाने एक यंत्र घ्यावे, पशुसखीने पशुवैद्यकाकडून वापर शिकून घ्यावा आणि सरसकट सर्व शेळ्या न तपासता शेवटच्या महिन्यातील, पोट मोठे दिसणाऱ्या, मागील वेळी जुळे दिलेल्या किंवा खुराक सोडलेल्या शेळ्याच तपासाव्यात. प्रत्येक शेळीची फळल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. ही तारीख नसेल तर शेवटचे सहा आठवडे कोणते हेच कळत नाही आणि यंत्र असूनही उपयोग होत नाही.

थोडक्यात

• साखरेचे यंत्र इलेक्ट्रॉन मोजते. हात स्वच्छ, पट्टी थंड व कोरडी आणि मुदत शिल्लक असेल तरच आकडा ग्राह्य धरावा.

• गाभण शेळीसाठी साखर नव्हे, कीटोन तपासावा. ०.८ च्या वर सावध व्हावे, १.६ च्या वर पशुवैद्यकास दाखवावे, ३.० ला तातडीने उपचार घ्यावेत.

• माणसाची व जनावराची सुई कधीही एक करू नये.

• फळल्याची तारीख लिहावी आणि शेवटचे सहा आठवडे खुराक द्यावा.

भूम तालुक्यातील त्या ताईंना मी नंतर हेच कळविले. सासूबाईंचे यंत्र सासूबाईंसाठीच ठेवा, गटासाठी कीटोनच्या पट्टीचे यंत्र घ्या आणि तोवर वही घालून तारखा लिहायला लागा, असे सांगितले. त्यांनी वहीपासून सुरुवात केली आहे. आपणही तेथूनच करावी.